पांदणीपलीकडचा नळ

मुनीरभाई,

रविवारी तुमच्यासाठी शोकसभा झाली. ले-आउटच्या नकाशात जिथे बगिचा दाखवला होता आणि जिथे अजून नुसत्या बाभळी आहेत, तिथे सतरंज्या टाकल्या होत्या. समितीचा सचिव म्हणून पहिलं बोलणं माझ्याकडे आलं. मी उठून म्हणालो, मुनीरभाईंनी या ले-आउटला पाणी दिलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबले. मी खाली बसलो. वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. छत्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासले, अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण कधी दिले नाहीत. उरलेलं अर्धं चारचौघांत बोलवलं नाही, म्हणून आज शनिवारी घरी बसून लिहितो आहे. तुम्ही आता वाचणार नाही, हे माहीत आहे. तुम्ही होतात तेव्हा समोरासमोर सांगायला रोज सकाळ मिळत होती, तेव्हा सांगितलं नाही.

तुमची माझी पहिली भेट ले-आउटच्या विहिरीवर झाली. मोटर बसवायला तुम्हाला कुणीतरी आणलं होतं. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं तुम्ही चांदूर रेल्वेकडच्या खेड्यांत हेच काम करत होतात. मी सहज विचारलं, जमलेलं काम सोडून इकडे कसे आलात? पाइपाला धागा गुंडाळता गुंडाळता तुम्ही म्हणालात, "बसवाच्या मोटारी कमी झाल्या न काढाच्या जास्त. आपल्याच हातानं बसवलेली मोटर कोरड्या विहिरीतून आपणच काढाची, गुरुजी. माह्याच्यानं नाही झालं."  मी बायकोला, सुनंदाला, चहा आणायला सांगितलं. एवढंच मला नेहमी सुचत आलं आहे.

त्या वर्षांत आपल्या ले-आउटला येणारा प्रत्येकजण असाच कुठून तरी निघालेला होता. कुणी नांदगाव खंडेश्वरकडची शेती बटाईने देऊन आला, कुणी धामणगावच्या अडत्याकडचं काट्यावरचं काम सुटल्यावर आला. शहरात प्लॉट घ्यायची ऐपत नव्हती म्हणून माणसं हद्दीच्या दगडापर्यंत येऊन थांबली. मीही त्यातलाच, फक्त पेन्शनवाला. दगडाच्या आत नळ, दगडाच्या बाहेर आपण. पालिका म्हणे तुम्ही ग्रामपंचायतीचे, ग्रामपंचायत म्हणे तुम्ही शहरवाले. तुम्ही म्हणायचात, आपण दोन्ही घरचे पाहुणे, दोन्हीकडं उपाशी.

पाण्यासाठी अर्ज करायचे म्हणून समिती झाली. अक्षर बरं म्हणून मी सचिव झालो. तुम्हाला कुणी पद दिलं नाही, पण प्रत्येक बैठकीला तुम्ही यायचात आणि मागे उकिडवे बसायचात. माझी थट्टा करायला तुम्हाला गणिताचं पुस्तक पुरायचं. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो, हे गणित मी एकदा शेजारच्या मुलीला शिकवत होतो. तुम्ही ओट्यावर बसून ऐकलंत आणि गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "गुरुजी, तुमच्या गणितातल्या नळाले रोज पाणी कुठून येते जी? तो वार्ड तरी सांगा." त्यानंतर मला ते गणित सरळ चेहऱ्याने कधी शिकवता आलं नाही.

आपलं खरं भांडण मात्र कामाच्या पद्धतीवरून होतं. मी मुलांना सांगत आलो की आधी सोपी गणितं सोडवून टाका, अवघड शेवटी घ्या. समितीतही माझं तेच म्हणणं. तुमचं बरोबर उलटं. लाइनीचा हिशेब टोकाच्या घरापासून धरायचा, असं तुम्ही म्हणायचात. जवळच्या नळाला पाणी काय, कुणीही आणून देईल. तुमचं एक वाक्य होतं, ते मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा कंटाळा आला होता: "शेवटच्या नळाले पाणी आलं का लाइन झाली. तवापर्यंत लाइन नाही झाली."

आणि आपल्या ले-आउटमध्ये शेवटचा नळ तुमचाच होता. पांदणीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या जुन्या वाटेच्या, पलीकडे सात घरं. तुमचं, गाद्या भरणाऱ्या बाबूचं, दोन हमालांची, एका शिवणकाम करणाऱ्या विधवेचं, आणखी दोन. ले-आउट पाडणाऱ्याने ते प्लॉट आपल्याच नकाशात दाखवून विकले, पण पांदणीपलीकडचा गट नंबर वेगळा होता, हे घरं बांधून झाल्यावर कळलं. त्या गटाच्या सातबाऱ्यावर दोन भावांचा वाद अजून चालू आहे.

तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा तुम्ही पंधरा दिवसांत साऱ्या घरांत नळ बसवून टाकले. पाणी यायच्या आधीच. लोक हसले. मीही म्हणालो, कागद आलाय, पाइप नाही आला. तुमचं म्हणणं, पाइप आल्यावर फिटर हुडकत फिराल, त्यापेक्षा घर तयार असू द्या. सुनंदाचा पाय मोडून नुकताच जुळला होता, तिला वाकवत नव्हतं. तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत, हंडा तिच्या हातात दिलात आणि ती जिथे सहज धरेल तिथे भिंतीवर खडूने खूण केली. तो नळ अजून तिथेच आहे, आणि गुडघे गेल्यापासून ती रोज तुमचं नाव घेते. मोबदला म्हणून तुम्ही कुणाकडून काही घेतलं नाहीत. फक्त एक शर्त घातलीत: कोरडा नळ कुणी फिरवायचा नाही, तो मी फिरवीन.

मग सुरू झाल्या तुमच्या शुक्रवारच्या फेऱ्या. नमाज झाली की पिशवीत पान्हा आणि तेलाची बाटली घेऊन घरोघरी. प्रत्येक नळ उघडायचा, बंद करायचा, आट्यावर थेंबभर तेल सोडायचं. कोरडा राहिला की आतला वायसर चिकटतो, आटे जाम होतात, आणि पाणी आलं त्या दिवशी नळ फुटतो, असं तुम्ही सांगायचात. पोरं मागे ओरडत फिरायची, पाणी आलं, पाणी आलं. तुम्हीही तोटीखाली ओंजळ धरून प्यायल्यासारखं करायचात. दर शुक्रवारी, सारी घरं, मग पांदण ओलांडून शेवटची सात.

आता ते उरलेलं अर्धं सांगतो.

फाइल तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी एकटाच पालिकेच्या ऑफिसात गेलो होतो. तिथल्या कारकुनाने समजुतीच्या सुरात सांगितलं की अडचण त्या सात घरांची आहे. वादातला गट सोबत ठेवाल तर तुमची फाइल तुमच्या हयातीत सरकणार नाही. ती सात बाजूला काढा, नवीन नकाशा द्या, बाकीची घरं येत्या बैठकीत घेतो. सातांचं पुढच्या टप्प्यात पाहू. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणीही विचारलं.

मी समितीच्या दोघांना फोन केला. दोघांनीही एका वाक्यात हो म्हटलं. तुम्हाला फोन केला नाही. तुमच्याकडे फोन होता, नंबर माझ्या डायरीत होता, ऑफिसबाहेर टेलिफोनचं दुकान होतं. मी पांदणीवर रेघ ओढलेल्या नकाशावर सही केली. आधी सोपी गणितं. बस स्टँडवर येईपर्यंत मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटत होती, हेही लिहून टाकतो. पन्नासेक घरांना पाणी मिळवून दिलं होतं मी.

लोकांना मी सांगितलं, पहिला टप्पा मंजूर झाला. पहिला म्हणजे कोणता, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. दर शुक्रवारी तुम्ही आमच्याकडचा नळ फिरवून पांदणीकडे निघायचात आणि मी ओट्यावर पेपर वाचत असायचो. एक वर्ष. बावन्न शुक्रवार, मोजायची सवय जात नाही. तेवढ्यात एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की मुनीरभाई, तुमच्या गल्लीतले नळ कोरडेच राहणार आहेत.

मी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारतो, हल्ली दुपारी झोप लागत नाही तेव्हा. पांदणीपलीकडे तुम्ही, बाबू आणि हमाल यांच्याऐवजी माझे साडू, माझे शाळेतले सहकारी राहत असते, तर ती सही इतक्या लवकर झाली असती का? उत्तर मला येतं. आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो की उत्तर येत असेल तर लिहा, जागा रिकामी सोडू नका. तर लिहितो: नसती झाली.

पाणी आलं त्या सकाळी सारं ले-आउट रस्त्यावर होतं. पालिकेच्या माणसाने दगडाजवळचा व्हॉल्व्ह उघडायच्या आधी तुम्ही मला हाक मारलीत. लाइनीतली हवा काढायला टोकाचा नळ आधी उघडावा लागतो, ही तुमची पद्धत. तुम्ही पान्हा हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात आणि विचारलंत, "गुरुजी, शेवटचा नळ कोणता?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणालो, वानखडेंचा. पांदणीच्या अलीकडचा.

तुम्ही "बरं," म्हणालात आणि वानखडेंकडे चालू लागलात. त्यांचा नळ आधी फुसफुसला, मग गढूळ आला, मग स्वच्छ. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. तुमचा नेम होता की नव्या नळाचं पहिलं पाणी घरच्यांनी प्यायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं. आमच्या नळाखाली सुनंदाने तांब्या भरला आणि तुमच्यासमोर धरला. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, बसलात, बिस्मिल्ला म्हणून प्यालात. गोड आहे म्हणालात. मग पिशवी उचलून पांदण ओलांडून घरी गेलात. मी तुम्हाला पाठमोरं जाताना पाहत होतो आणि मला वाटलं, सुटलो. यांनी काही विचारलं नाही.

त्यानंतर चार वर्षं भाभींनी आमच्या नळावरून पाणी नेलं. दिवसाआड सकाळी दोन हंडे, एक कळशी. बाकीची सहा घरं वानखडेंकडे, नाहीतर विहिरीवर. मी तुम्हाला एकदा म्हणालो होतो, आमच्या लाइनीला जोड द्या, पांदणीखालून नळी काढा, मी कुणाला सांगणार नाही. तुम्हाला ते काम अर्ध्या तासाचं होतं. तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "चोरीचा जोड मी लोकायले नाही देत, तं माह्या घरी देऊ काय? न माह्या घरी आलं तं बाबूनं काहून नाही प्यावं? येईन तं सातही घराले येईन."  मला माझी चूक स्वस्तात मिटवून हवी होती, ते तुम्हाला कळलं असावं.

आणि पाण्यामागून जे यायचं ते आलंच. घरोघरी नळ झाले, न्हाणीघरं झाली, पण गटार काही आली नाही. भूमिगत गटारीची फाइल वेगळी, तिचं टेबल वेगळं. शोषखड्डे भरून वाहू लागले. जमिनीचा उतार पांदणीकडे. आमचं सांडपाणी सरळ तुमच्या गल्लीत. दुसऱ्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी वास मारू लागलं, आणि ती विहीर आता फक्त तुम्हा सातांना लागत होती. पाणी आम्हाला मिळालं, घाण तुम्हाला मिळाली. तुम्ही बाबूला घेऊन पांदणीच्या कडेने चर खोदलात, आमचं पाणी नाल्याकडे वळवायला. मी चहा पाठवला.

सातांसाठी मी अर्ज केले, नाही असं नाही. वर्षाला एक. वाद मिटला नाही, साहेब बदलले, अर्ज कुठे आहे ते सांगणारा कारकून बदलला. मीही थकलो. खरं सांगायचं तर आपल्या घरी पाणी येत असलं की दुसऱ्याच्या पाण्यासाठी जिना चढताना गुडघे लवकर दुखतात.

तुम्ही गेलात ती सकाळ नळाची होती. तुमची लेक नसरीन अकोल्याहून निघाली होती, पोचायची होती. बाबू धावत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, गुरुजी, गुसलले पाणी पायजे. सुनंदाने तुमच्या शेवटच्या अंघोळीसाठी बादल्या लावल्या. तुम्ही तिच्यासाठी ज्या उंचीवर नळ बसवला होता, त्याच नळाखाली. मीही एक बादली उचलली. पांदणीत दोनदा टेकलो. दाराशी तुमच्या माणसांनी ती हातातून घेतली आणि आत नेली, मी बाहेर निंबाखाली उभा राहिलो. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तुमच्या घरात तुमच्यासाठी नळाचं पाणी वाहिल्याचा मी ऐकलेला तो पहिला आवाज, आणि तेही मी बादलीने आणलेलं. मुनीरभाई, मला तिथेच रडू फुटलं. लोकांना वाटलं दोस्त गेला म्हणून रडतोय. तेही होतंच.

कबरस्तानात तीन मुठी माती दिली आणि मनाशी ठरवलं, निदान आता भाभींना सांगायचं. पण भाभी इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, मला भेटणं शक्य नाही. म्हणून चौथ्या दिवशी सुनंदाला सगळं सांगून पाठवलं. ती दोन तासांनी आली. चप्पल काढून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, मग माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, मुनीरभाईंना माहीत होतं.

मी म्हणालो, त्या सकाळी कळलं असेल, वानखडेंच्या नळावरून.

ती म्हणाली, नाही. त्याच्या वर्षभर आधी. तुम्ही सही केली त्याच्या आठवड्यात. फिटरचा परवाना घ्यायला ते ऑफिसात गेले होते, तिथे टेबलावर नकाशा उघडा पडला होता. पांदणीवरची रेघ पाहिली, खाली सही पाहिली. घरी येऊन भाभींना सांगितलं. भाभी चिडल्या, म्हणाल्या आताच्या आता जाऊन विचारा. तर ते म्हणाले, "गुरुजीले कोणी काही म्हणू नका. ते खुद सांगतीन. थोडी वाट पाहू."

म्हणजे ते बावन्न शुक्रवार तुम्ही जाणून फिरलात. आमच्या नळांना तेल घालत, आमच्या पोरांना हसवत. आणि त्या सकाळी पान्हा घेऊन समोर उभे राहिलात, तेव्हा शेवटचा नळ कोणता हे तुम्हाला माझ्याकडून शिकायचं नव्हतं. तो तुम्हीच बसवला होता. तुम्ही मला सांगायची जागा करून दिली होती, आणि मी वानखडेंचं नाव घेतलं. तरी तुम्ही माझ्या घरचं पाणी प्यालात, गोड आहे म्हणालात, आणि त्यानंतर चार वर्षं वाट पाहिलीत.

रागावला असतात तर बरं झालं असतं. मी काहीतरी कारणं दिली असती, तुम्ही ती खोडली असती, आपण आठ दिवस बोललो नसतो, मग सुनंदाने चहा पाठवला असता. तुम्ही मला तेवढं सोपं जाऊ दिलं नाहीत. माफ केलंत की नाही हेही सांगितलं नाहीत. मी विचारलंच नाही, तर सांगणार कसं?

सातांचा अर्ज मी काल पुन्हा लिहिला. या वेळी यादी टोकाकडून केली. पहिलं नाव तुमच्या घराचं, मग बाबूचं. शेवटी एक कागद जोडला आहे, की मागच्या नकाशातून ही घरं रहिवाशांना न विचारता मी वगळली होती. त्याखालीही सही केली. समितीतले म्हणतात, हे कशाला लिहिता, फाइल आणखी अडकेल. अडकू दे.

काल शुक्रवारही होता. पन्नास घरांना पाणी आल्यावर तुमची फेरी सात नळांपुरती उरली होती, पण ती कधी चुकली नाही. दुपारी नसरीनकडून मी तुमची पिशवी मागून घेतली आणि बाबूच्या घरापासून सुरुवात केली. त्याचा फिरला. हमालांचे दोन्ही फिरले, पुढच्या दोन घरांचेही. शिवणकामवाल्या बाईंचा जरा कुरकुरला, तेल सोडल्यावर सुटला. सगळ्यांत शेवटी तुमच्या अंगणात आलो. पाच-सहा वर्षांचा कोरडा नळ, मला वाटलं जोर लावावा लागेल, म्हणून पान्हा काढला. पान्ह्याची गरज पडली नाही. तो एका बोटाने फिरला.

मी तो उघडला, तोटीखाली ओंजळ धरून थोडा वेळ उभा राहिलो, आणि बंद केला. लाइन झालेली नाही, मुनीरभाई.